आप्तस्वर

माझे काम ऐकण्याचे होते. बोलावे लागणार नाही, म्हणूनच मी ते पत्करले होते.

किनाऱ्यापासून बरेच आत, एका डोंगराच्या माथ्यावर आमचे इशारा केंद्र होते. तिथल्या थंड खोलीत बसून मी अरबी समुद्राचा तळ ऐकत असे. देशोदेशींना जोडणाऱ्या दूरसंचाराच्या तारा त्या तळावर पसरलेल्या आहेत. त्यांच्या पोटात केसाएवढा काचेचा तंतू असतो आणि त्यातून प्रकाश धावत असतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतातच. त्यांच्यावर आपटून प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे फिरतो. तळ जरासा हलला, तंतू जरासा ताणला गेला, की मागे फिरणाऱ्या प्रकाशाची लय बदलते आणि त्या बदलावरून कुठे काय हलले ते कळते. जगाच्या गप्पा वाहून नेणारी ती तार आमच्यासाठी शेकडो कोसांचा कान झाली होती. मालवाहू जहाज, देवमाशाचे गाणे, दूरच्या वादळाची धडधड, सारे माझ्या पडद्यावर बारीक रेघांनी उमटे. माणसांत मला न मिळालेली सोबत त्या रेघांनी दिली.

वाट मात्र आम्ही पाहत होतो ती एका वेगळ्या रेघेची.

वाऱ्याने उठणारी लाट ही समुद्राची नुसती कातडी असते. थोडे खोल गेले की तिचा मागमूस उरत नाही. त्सुनामीत समुद्र तळापासून माथ्यापर्यंत एकसंध हलतो. भूकंपाने तळाचा एखादा पट्टा अचानक उचलला जातो, किंवा पाण्याखालचा एखादा उतार ढासळतो, आणि वरचे सगळे पाणी आपली हरवलेली पातळी शोधत चहूकडे निघते. पाणी जितके खोल, तितका वेग जास्त. भर समुद्रात ही लाट विमानाच्या वेगाने जाते, पण तिथे तिची उंची इतकी थोडी असते की ती होडीखालून निघून गेल्याचे नाखव्याला कळतही नाही. उथळ पाण्यात ती मंदावते. पुढचे पाणी अडखळते, मागचे येऊन त्यावर चढते, आणि होता होता तिची भिंत होते. कोकणापुढचा समुद्र फार दूरपर्यंत उथळ आहे. लाट तिथे रेंगाळते. ते रेंगाळणे हीच आमची शिदोरी होती.

परंतु वेळ मिळणे आणि माणूस हलणे यांत मोठे अंतर असते. भोंगा वाजला की माणूस पळत नाही. तो खिडकीतून पाहतो, शेजाऱ्याला विचारतो, कोणाला तरी फोन लावतो. मग आपली माणसे शोधत सुटतो, पुष्कळदा नेमका पाण्याच्याच दिशेने. खाडीच्या तोंडाशी खारफुटीचे दाट पट्टे राखून लाटेचा जोर मोडता येतो, जाड खांबांवर निवारे उभारून माणसे पाण्याच्या वर ठेवता येतात. ‘थांब, आधी विचारून घेऊ’ हा मनातला अडसर मात्र कुठल्याच बांधकामाने मोडत नाही.

तो मोडण्यासाठी आमच्या केंद्रप्रमुख डॉ. शर्वरी केळुसकर यांनी ‘आप्तस्वर’ उभे केले. संकटाच्या वेळी प्रत्येकाचा फोन वाजणार आणि पलीकडून त्याच्या अगदी विश्वासातल्या माणसाचा आवाज बोलणार, त्याच्याच बोलीत, त्याच्याच लकबीने. यंत्राने लोकांच्या संमतीने त्यांचे जुने संभाषण ऐकले होते. कोणाच्या शब्दावर कोण उठून चालू लागतो, हे ते त्यावरून ठरवी. ‘तू कुठे आहेस?’ असे विचारले, तर तो आवाज आपल्या माणसाचा ठावठिकाणा सांगे आणि ‘मला शोधू नकोस’ म्हणे. ऐकणारा सुरक्षित जागी पोचेपर्यंत फोन तुटत नसे. मृतांचे आवाज वापरायचे नाहीत, हा नियम पक्का होता. कोणाला कोणाचा आवाज जाणार, हे मात्र आम्हालाही दिसत नसे. माणूस मनातून कोणाचा आहे, ही गोष्ट कचेरीत उघडी पडू नये, असे मॅडमचे म्हणणे होते.

माझ्या गावात, तेरवलीत, सराव झाला तेव्हा बचाव पथकाचा प्रमुख गोपीनाथ तांडेल सर्वांच्या आधी निवाऱ्यावर पोचला.

“गोपीकाका, कोणाचा आवाज आला?” मी विचारले.

“सासूचा रं,” तो धापा टाकत म्हणाला. “समिंदर परवडला. त्याला ओहोटी तरी हाय, हिला नुसती भरती!”

निवाऱ्यावर हशा उसळला. माझी आई, आये, त्या दिवशी मासळी घेऊन तालुक्याच्या बाजारात गेली होती, तिचा फोन बंद होता. तिला माझाच आवाज जाईल, असे मी धरून चाललो होतो. दुसरे होतेच कोण?

होता. माझा थोरला भाऊ नरेश. तीन वर्षांपूर्वी खाडीच्या मुखाबाहेर, काळ्या खडकापाशी त्याची होडी फुटली. फळ्या सापडल्या, तो सापडला नाही. आयेने त्याचे दिवस घालू दिले नाहीत. “दर्यानं नेलाय, दर्या आनंल,” एवढेच ती म्हणे. नरेश मोठ्याने हसणारा, मोठ्याने भांडणारा. घर त्याच्या आवाजाने भरलेले असे. तो गेल्यावर घरात आये आणि माझे मौन उरले. मी रोज फोन करी. “जेवलास?” “हो.” “बरं.” संपले.

आश्विनातल्या एका लख्ख सकाळी ती रेघ आली.

आधी मला ती तारेतला बिघाड वाटली. भूकंपाची रेघ सुईसारखी टोकदार असते. ही जाड होती, संथ होती, आणि एकाच दिशेने सरकत होती. उथळ समुद्र जिथे संपतो आणि तळ एकदम खोल उतरतो, त्या कड्यावरचा गाळाचा डोंगर सुटला होता.

“भूकंपमापक काय सांगतो?” केळुसकर मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“काहीच नाही, मॅडम. कड्याचा उतार ढासळलाय. जमीन हादरलीच नाही, त्यामुळे कोणाला कळणारही नाही.”

“खोल बाजूला?”

“हो. गाळ पलीकडे गेला, म्हणजे आपल्या बाजूला आधी खड्डा येईल. समुद्र आत ओढला जाईल. भिंत त्याच्या मागून.”

त्यांनी पडद्यावरचा आकडा पाहिला. पावणेदोन तास. त्यांनी कोणालाही न विचारता कळ दाबली.

त्या क्षणी किनाऱ्यावरच्या हजारो घरांत बायकोने नवऱ्याला, मुलीने बापाला, मित्राने मित्राला हाक मारली, आणि हाक मारणाऱ्यांपैकी कोणालाही त्याची कल्पना नव्हती. नकाशावर प्रत्येक फोनचा एक ठिपका होता; ते ठिपके क्षणभर थरथरले आणि पूर्वेकडे सरकू लागले. भोंग्याला दाद न देणारी माणसे घराला कुलूपही न लावता चालू लागली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते कोणी पाहू नये म्हणून मी खाली वाकलो.

आयेचा ठिपकाही पूर्वेला, गावाच्या मागच्या गोड्या विहिरीपर्यंत गेला होता. तिथून टेकडीची वाट सुरू होते. मी निर्धास्तपणे दुसऱ्या गावांकडे वळलो. खोल समुद्रातल्या होड्यांना ‘आत येऊ नका, आणखी बाहेर जा’ असे कळवायचे होते, एक पूल मोकळा करायचा होता.

सव्वा तासाने परत पाहिले तेव्हा तेरवलीचे सगळे ठिपके टेकडीवर आणि निवाऱ्यावर गोळा झाले होते. एक तेवढा पश्चिमेला होता. गावाच्या पश्चिमेला, वाळूच्याही पलीकडे. नकाशावर जिथे निळा रंग होता तिथे तो चालत होता.

मी तिला फोन लावला. ‘आप्तस्वर’ चालू असताना दुसरा फोन लागत नाही, हे मला ठाऊक असूनही लावला. मग बिनतारी यंत्रावर गोपीनाथला गाठले.

“गोपीकाका, आये कुठे आहे?”

“तेच सांगतोय कवापासून, कोन ऐकत नाय!” निवाऱ्याच्या गच्चीवरून त्याचा आवाज चिरका येत होता. “पानी पार मागं गेलाय रं. होड्या कुशीवर पडल्यात, चिखल नुसता चकाकतोय. असा तल मी जन्मात बघितला नाय. आन तुझी आये हातात तांब्या घेऊन त्या चिखलातून चाल्लीय, काल्या खडकाकडं.”

“तांब्या?”

“गोड्या पान्याचा. अरे, नरेशला घ्यायला चाल्लीय!”

आमच्या गावात दर्यावर अडकून पडलेला माणूस परत आला, तर तो आपणहून जमिनीला पाय लावत नाही. त्याच्या आईने होडीपाशी जाऊन विहिरीचे गोडे पाणी पाजायचे, मग त्याने उतरायचे. नाहीतर दर्या त्याला आपलाच समजून पुन्हा मागतो, अशी समजूत आहे. आये विहिरीवर का गेली होती, ते मला आता कळले.

“मी उतरतो खाली,” गोपीनाथ म्हणाला.

“नाही उतरायचं,” मॅडमनी माझ्या हातातून यंत्र घेतले. “तुम्ही तिथे पोचाल आणि दोघेही जाल. वर थांबा.” मग माझ्याकडे वळून, “चोगले, आईची लाइन उघड.”

मी उघडली, आणि खोलीत नरेश बोलू लागला.

“मी काल्या खडकापाशी हाय, आये. माझी कालजी करू नको. मना शोधू नको. तू निवाऱ्यावर जा.”

“तू हललास नाय ना तिथून?” आयेला दम लागला होता. “पानी आनलाय मी. आलेच बघ.”

“मना शोधू नको, आये. तू निवाऱ्यावर जा.”

“गप रं. तीन वर्सं गप बसले, आता नाय बसनार.”

सगळा गोंधळ एका दमात उलगडला. दिवस घातले नव्हते, दाखला काढला नव्हता, म्हणून यंत्राच्या लेखी नरेश जिवंत होता. त्याचे जुने निरोप आये फोनवर पुन्हा पुन्हा ऐकत असे, म्हणून यंत्राने तिच्यासाठी तोच आवाज निवडला होता. तिने ‘कुठं हायस’ विचारले, तेव्हा यंत्राने त्याच्या फोनची शेवटची नोंदलेली जागा प्रामाणिकपणे सांगितली होती.

“किती वेळ आहे?” मॅडमनी विचारले.

“पंधरा मिनिटं. फार तर वीस.”

लाइनमध्ये शिरण्याची सोय होती. मी यंत्राचा आवाज थांबवला आणि माझ्याच आवाजात बोललो.

“आये, मी प्रणित. परत फिर. लाट येतेय.”

“प्रणित, तू ठेव,” ती घाईने म्हणाली. “नरेशचा फोन चालू हाय.”

“आये, तो नरेश नाही. यंत्र आहे ते.”

“ठेव म्हनते ना! तुना त्याचं कंदी काय पटलंय?”

तिचा ठिपका पुढेच सरकत होता. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ऊठ. आपल्याच माणसाच्या लाइनवर बसायचं नाही, हा नियम उगाच नाही केला. मी बोलते.”

त्यांनी आवाज बदलण्याची सोय चालू केली. बोलणाऱ्याचा फक्त स्वर बदलतो, शब्द त्याचेच राहतात.

“आई, मी नरेश,” मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या भावाचा भरदार आवाज बाहेर पडला. “मी आता खडकापाशी नाही. तुम्ही कृपया मागे वळा आणि निवाऱ्याकडे चला.”

ठिपका थांबला.

“असा काय बोलतोस रं, मास्तरासारखा?” आयेचा आवाज कापत होता. “दर्यानं तुझी बोली पन नेली? थांब, बाला. पानी पी, मंग बरं वाटंल.”

ठिपका पुन्हा चालू लागला, पहिल्यापेक्षा वेगाने.

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. त्या खुर्चीवरून उठल्या.

मी खुर्चीत बसलो. शहरात आल्यापासून मी घासून घासून स्वच्छ केलेली माझी भाषा आता काही कामाची नव्हती. नरेश कसा बोलायचा? तो आयेला कधी गंभीरपणे हाक मारत नसे. तो आधी हसायचा. मी हसण्याचा प्रयत्न केला. बाहेर जो आवाज पडला, तो हुबेहूब त्याचा होता.

“ए म्हातारे! कुठं चाल्लीस गो तांब्या घेऊन?”

पलीकडून हुंदका आणि हसू एकत्र आले.

“मेल्या! माझी चेष्टा करतोस? तुझ्याकडंच येते ना!”

“तिथं कोन हाय? पानी उतरला, होडी टेकली आसती खडकाला. मी कवाच निघालो. खाडीतून आत शिरलो न् निवाऱ्याच्या पायरीला होडी लावली. तुना दिसलो नाय? डोले तपासून घे.”

“खाडीतून?” ती थांबली होती. “आन पाय लावलास जमिनीला?”

“नाय गो. होडीतच बसलोय. तुझ्या हातचं पानी पिल्याबिगर कसा उतरू? घसा पार सुकलाय. पल लवकर.”

ठिपका वळला.

मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी बोलत राहिलो. तिचे पाय थांबू नयेत, एवढेच माझ्यापुढे होते. मी तिला चिडवले, तिच्या चालीची नक्कल केली, गोपीनाथची सासू तिच्यापेक्षा जोरात पळते म्हणून सांगितले. इतके शब्द माझ्यात कुठे साठले होते, कोण जाणे. ती धापा टाकत शिव्या देत होती आणि पळत होती. ठिपका वाळूवर आला. गोपीनाथ बिनतारी यंत्रावर ओरडत होता, “दिसली, दिसली! पल गो वैनी!” आणि मग, वेगळ्याच आवाजात, “प्रणित, आडवी रेघ दिसते दर्यावर. पांढरी.”

“आये, लांब टांगा टाक.”

“टाकते रं.” मग एकाएकी तिने विचारले, “प्रणितला कललं का, तू आयलास त्ये?”

“नाय अजून. तो त्याच्या हापिसात आसंल.”

“त्याला पन बोलव.” ती शब्दाशब्दाला श्वास घेत होती. “लय एकटा पडला रं तो, तू गेल्यापासून. तो बोलत नाय, मंग मी पन बोलत नाय. तू हायस तर तू काढ त्याला बाहेर. माझ्यानं नाय झालं.”

पडद्यावर तिचा ठिपका निवाऱ्याच्या जिन्याशी पोचला.

“नरेश? हायस ना?”

“हाय,” मी म्हणालो. “हाय गो आये. जिना चढ.”

“आन होडी कुठं हाय? इथं तर होडी नाय.”

“मागच्या बाजूला. वरून दिसंल. चढ तू.”

मग असा आवाज आला की त्याला गर्जना म्हणणे कमी पडेल. शेकडो कोस लांबीच्या कानाने आम्ही समुद्राची कुजबुज ऐकत आलो होतो. आता एका साध्या फोनमधून तो तोंडाने बोलला. लाइन तुटली. ठिपका विझला. त्याच्यामागोमाग तेरवलीचे सगळे ठिपके विझले, कारण फोनचा मनोराच पडला होता.

मॅडमनी बाकीच्या गावांचे काम माझ्या टेबलावरून उचलून नेले. मी नकाशाच्या त्या काळ्या पडलेल्या तुकड्याकडे पाहत बसलो. पडद्यावर दुसरी लाट, तिसरी लाट मोजली जात होती. दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती. बिनतारी यंत्रातून नुसती खरखर येत होती. मला आठवते, त्या वेळात मी प्रार्थना केली नाही, कारण कोणाच्या आवाजात करावी हे मला कळेना.

खरखरीतून शेवटी गोपीनाथ बोलला.

“जित्ती हाय रं. जिन्याच्या मधल्या वलनावर कठडा धरून होती, आम्ही दोघांनी वर वढली. कोपर फुटलाय, बाकी बरी हाय. गावातला मानूस नाय गेला येक पन. आन... मागच्या बाजूला जाऊन बसलीय. होडी कुठं हाय, म्हनून विचारते सगल्यांना. मी काय सांगू तिला?”

“खरं सांगा,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तेरवलीत पोचलो. खारफुटीचा पट्टा दर्याच्या बाजूने सोलून निघाला होता, पण आतली झाडे उभी होती. त्यांच्या फांद्यांत जाळी, पत्रे, कोणाचे तरी दार अडकले होते. खालची वस्ती गेली होती. निवारा खांबांवर तसाच उभा होता. जिना चिखलाने माखला होता, त्यावरून पाणी अजून निथळत होते.

वाटेत मॅडमचा फोन येऊन गेला होता. बेपत्ता माणसांचे आवाज संध्याकाळपर्यंत काढून टाकायचे, असे त्यांनी ठरवले होते. काही वरिष्ठांना ते मान्य नव्हते. ज्यांना बेपत्ता माणसाने हाक मारली, ते सर्वांत आधी उठले होते. असे हुकमी साधन टाकून का द्यायचे, असा त्यांचा प्रश्न होता. “मी काढतेय,” मॅडम म्हणाल्या. “मग मला काढतील तर काढू देत.”

आये खाडीच्या बाजूला तोंड करून बसली होती. कोपराला पट्टी होती.

“आयलास?”

“आलो.”

मी शेजारी बसलो. प्रवासभर जुळवलेली वाक्ये एकेक करून गळून पडली.

“आये, तो नरेश नव्हता.”

“गोपीनाथनं सांगितलं.” तिची नजर पाण्यावरून हलली नाही. “तो मास्तरासारखा बोल्ला तो कोन?”

“आमच्या मॅडम.”

“आन त्याच्या मागून?”

“मी.”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. अनोळखी माणसाकडे पाहावे तसे, बराच वेळ.

“एवढा?” ती म्हणाली. “एवढा बोल्लास तू माझ्याशी?”

खाडीत एक उलटी होडी हळूहळू फिरत होती.

“तीन वर्सं मी त्याला जित्ता ठेवलावता,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण तो थकलेला होता. “कोनाचं ऐकलं नाय. तू येका सकाली आनलास न् त्याच सकाली नेलास. मना इचारलंस तरी का?”

“विचारलं असतं तर तू आली नसतीस.”

“नसते आले.” तिने कबूल केले. मग विचारले, “त्यो आवाज हाय का अजून?”

“संध्याकाळी काढून टाकणार आहेत.”

“मंग लाव येकदा.”

“आये, तो नाही बोलणार. मीच बोलणार.”

“ठाऊक हाय. मी काय येडी हाय?” तिने पदराने तोंड पुसले. “त्याला बोलवायचा नाय मना. त्याला पाठवायचाय.”

तात्पुरता मनोरा सकाळीच उभा राहिला होता. गोपीनाथचा फोन तिच्या हाती दिला आणि मी जिन्याने खाली, मधल्या वळणापर्यंत उतरलो. समोरासमोर बसून मला ते जमले नसते, तिलाही नसते. माझ्या फोनवरून केंद्राची लाइन उघडली, नरेशचा स्वर चालू केला.

“आये.”

“नरेश.” तिचा आवाज मला फोनमधूनही आला आणि वरूनही, किंचित मागेपुढे, जणू दोघीजणी बोलत होत्या.

“हां, आये.”

“थंडी वाजत नाय ना रं तिथं?”

“नाय गो. आता काय वाजत नाय.”

“बरं.” वर कोणाचे तरी पोर रडले आणि गप्प झाले. “मंग निघतोस?”

आमच्याकडे निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. दारातून बाहेर पडणारा माणूस ‘येतो’ म्हणतो आणि घरातले ‘ये’ म्हणतात; दुसरा शब्द उच्चारायची कोणाची छाती होत नाही. माझ्याही जिभेवर तोच शब्द आला होता. मी तो गिळला.

“जातो, आये.”

वर काही हलले नाही. खांबांना लागून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा होता. मला वाटले, ती फोन ठेवणार, किंवा ओरडणार.

“जा,” ती म्हणाली. “जा, बाला. मी नाय बघत आता वाट.”

लाइन तशीच चालू राहिली. दोघांनाही ती तोडवेना. मग त्याच फोनवर, पण वेगळ्या, रोजच्या आवाजात ती बोलली.

“आन प्रणित, तू तिथं बसू नको. वर ये. जिना वला हाय, बघून पाय टाक.”

मी स्वर बंद केला, फोन खिशात टाकला.

“आलो गो आये,” मी ओरडून म्हणालो. निवाऱ्यावरच्या दोनचार जणांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिले. मी वर जायला निघालो.